न विचारता टाकलेला फासा

स्वाती,

तुझी वही काल उघडली. सव्वा महिना ती हळदीच्या खोलीत, फळीवर, तू ठेवली होतीस तशीच होती. मी रोज त्या खोलीत जात होते, झाडत होते, पोती सरकवत होते आणि वहीकडे न बघता बाहेर येत होते. वही उघडली की तू बोलायला लागशील आणि मला उत्तर द्यावं लागेल, अशी भीती वाटायची. आठ वर्षांपूर्वी कळमनुरीच्या शाळेतल्या नोकरीचं जे उत्तर मी तुला आणून दिलं, ते खोटं होतं. हे तुला तोंडाने सांगायचं राहून गेलं. आता कागदावर सांगते आहे. एकदम सांगता येणार नाही, थोडं फिरून यावं लागेल. मला वेळ लागतो हे तुला माहीत आहे.

काल दुपारी गयाबाई आणि शबाना आल्या. तेराव्यानंतर दोघी मिळून पहिल्यांदाच. गयाबाईंचं घर आपल्या भिंतीला लागून, एरवी त्या मागच्या दाराने हाक मारतच शिरतात. काल पुढच्या दाराने आल्या, पाहुण्यासारख्या. शबाना नेहमी हातात कोणाचं तरी ब्लाउज घेऊन यायची, हातशिलाई करायला. काल रिकाम्या हाताने आली आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. आम्ही तिघी खाली बसलो. तुझी जागा आपोआप मोकळी राहिली.

मग गयाबाई म्हणाल्या, "अक्का, माझा चोर अजून त्या पुलावरच हाय. सव्वा महिना झाला. पाय आखडले असतील त्याचे."

"मावशी, गप बसा ना," शबाना म्हणाली.

"काहून गप बसू? तिनं चढवला म्हणून चढला तो. आता उतरवायचा कोणी?"

शबाना हसली आणि हसता हसताच तिने ओढणी तोंडावर घेतली. मग कोणी कोणाला गप बसवलं नाही.

परक्या माणसाने ऐकलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारीला भ्रम झाला. कोणता चोर आणि कोणता पूल! गल्लीत आपल्याबद्दल आधीच बोललं जायचं, की या बाया दार लोटून जुगार खेळून राहिल्या. फासा म्हटलं की लोकांना तेवढंच सुचतं. आपण त्या फाशावर कधी चिंचोकासुद्धा लावला नाही.

तू तो खेळ काढलास ते पहिलं वर्ष मला दिसतं. हळद शिजून वाळून घरात आली होती आणि आपण दोघी जावा हळकुंडं एकीकडे, मुळाशी असतात ते जाड गोल गड्डे एकीकडे करत बसलो होतो. गयाबाई आणि शबाना हातभार लावायला आल्या होत्या. तू म्हणालीस, "हाताला काम आहे, तोंडाला नाही. एक खेळ खेळू या?" पुण्याच्या वसतिगृहात तुझ्या मैत्रिणी तो खेळायच्या. तू सांगितलंस की मी एक मुलूख सांगत जाते, तुम्ही त्यात कोणीतरी व्हा. पुढ्यात जे येईल त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. जमेल की नाही अशी शंका असेल तेव्हाच फासा टाकायचा, मोठा आकडा पडला तर जमलं. मग पेटीतून तो वीस तोंडांचा निळा फासा काढलास.

गयाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "जल्मभर खरं बोलून काय भेटलं? मी चोर व्हते." शबाना हकीम झाली. मला विचारलंस तेव्हा मी म्हटलं, "मी मुकी व्हते." तू हसली नाहीस. म्हणालीस, "मुकी नको अक्का, वाटाड्या व्हा. वाटाड्याला फार बोलावं लागत नाही." तिथे तू मला फसवलंस. पुढे वाटाड्यालाच बोलावं लागणार हे तुला तेव्हाच माहीत असणार.

सगळा मुलूख तुझ्या वहीत होता. कुठे नदी, कुठे बाजार, कोणाचं शेत कुठवर. म्हणून गयाबाई तुला आमची तलाठीण म्हणायच्या. "तलाठीणबाई, आज साहेब भेटतील का?" असं विचारतच त्या आत यायच्या.

पहिल्याच दिवशी तू आमच्यापुढे चार लुटारू उभे केलेस. लढाईचं पानभर गणित तयार होतं तुझ्याकडे, कोणाला किती लागेल, कोण कधी पडेल. गयाबाई म्हणाल्या, "चार माणसं भर उन्हात रस्त्यात उभी हायेत. जेवलेत का ते?"

"मावशी, ते लुटारू आहेत."

"लुटारू जेवत न्हाईत का?"

तू वहीकडे बघितलंस, आमच्याकडे बघितलंस आणि वही मिटलीस. "बरं," म्हणालीस, "मग काय करता?" गयाबाईंनी भाकरी सोडली. शबानाने त्यातल्या एकाचा चिघळलेला पाय बघितला. मी हळूच म्हटलं, इथून जवळ विहीर आहे का, माझ्या वाटाड्याला माहीत असेल. तू फासा माझ्या हातात दिलास. संध्याकाळपर्यंत ते चौघे आमची ओझी उचलून पुढच्या गावापर्यंत आले होते. ते लढाईचं पान तू दुसऱ्या दिवशी चुलीत घातलंस. मी स्वतः बघितलं. नंतरच्या आठ वर्षांत आपल्या खेळात एकही लढाई झाली नाही.

पण म्हणून तो खेळ सोपा नव्हता. उलट लढाईत एक बरं असतं, कोणीतरी पडतं आणि संपतं. तू आमच्यापुढे जे ठेवायचीस ते पडणारं नसायचं. पूर आलेली नदी. तापाने फणफणलेलं गाव. मुलीचं लग्न मोडून बसलेला बाप. त्यासाठी तू हिशोब कसा बसवलास ते आठवतं. चादरीवर दोन जागा केल्यास. काही जमलं की एका जागेवर हळकुंड, फसलं की दुसऱ्या जागेवर गड्डा. पाच हळकुंडं व्हायच्या आत तीन गड्डे झाले की नदी जिंकली. आणि एकीनेच सगळं करायचं नाही. शबानाने दोर बांधला की पुढचं काम दुसरीचं. गयाबाई सारख्या पुढे सरकायच्या, तू त्यांना हाताने मागे सारायचीस आणि विचारायचीस, "अक्का, तुमचा वाटाड्या काय करून राहिला?"

त्या नदीत आम्ही हरलो. तिसरा गड्डा पडला तेव्हा मला वाटलं, खेळ संपला, उठून चहा ठेवावा. तू म्हणालीस, "बसा. तुम्ही पलीकडे पोचलात. पण हकिमाची पिशवी वाहून गेली." शबानाचं तोंड एवढंसं झालं. पुढचा महिनाभर ती बिनऔषधाची हकीम होती आणि रानातला पाला शोधत फिरायची. खऱ्या शबानाने त्या महिन्यात मला कितीदा विचारलं, अक्का, खोकल्याला अडुळसाच ना? तुझ्या मुलखात हरलं तरी वाट बंद होत नसे. जड व्हायची, लांबची व्हायची. बंद होत नसे.

हे मी तुझ्याकडून शिकले आणि शिकूनही आपल्याच घरात वापरलं नाही.

आपलं भांडण त्या दरवाजाच्या वेळचं. तटबंदीचं गाव होतं आणि दरवाजावर दरबान होता. तू म्हणालीस तो वाटाड्याच्या मुलखातला आहे, त्याची बोली वाटाड्यालाच येते. म्हणजे बोलायचं मी. मी म्हटलं, "मी त्याला समजावते," आणि फाशाला हात घातला. तू फासा झाकलास.

"काय समजावता? बोलून दाखवा."

माझ्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी उठले आणि म्हशीला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून बाहेर गेले. म्हशीला पाणी मघाच दाखवलं होतं.

संध्याकाळी चुलीपुढे मी तुला म्हटलं. आयुष्यात मी कोणाशी इतकं सरळ बोलले नव्हते. "शबानाला तू औषध वाटायला लावलं न्हाई. गयाबाईला भिंत चढायला लावली न्हाई, त्यांना तर ओटाबी चढवत न्हाई. त्या फासा टाकत्यात आन् व्हतं. मग मलाच काहून खरं बोलायला लावतीस? माझा वाटाड्या बोलका हाय. मी न्हाई."

तू पोळपाटावरचा हात थांबवलास. "हे मला कोणी कधी म्हटलं नव्हतं, अक्का," म्हणालीस. पुण्याच्या मैत्रिणीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तू सगळ्यांसमोर नियम बदललास. अक्काने फक्त सांगायचं, वाटाड्याला काय हवं आहे आणि दरबानाच्या मनात काय असेल. बाकीचं बोलणं फासा करेल. मी सांगितलं की तो दरबान पोटापाण्यासाठी इथे आला असेल, त्याला त्याच्या गावची खबर कोणी देत नसेल, तर वाटाड्या आधी तिकडची खबर देईल. तू फाशाच्या आकड्यावर चार गुण वरचे दिलेस. गयाबाई म्हणाल्या, "मुकीनं बगा कसं बोलून दाखवलं." मी जमिनीकडे बघत होते, पण मला फार बरं वाटलं होतं.

तरी तू तुझं सोडलं नाहीस. दर वर्षी एकदा तरी म्हणायचीस, "अक्का, एक वाक्य. अख्खं भाषण नको. एकच." मी म्हणायचे, तुझा फासा कशाला आहे मग? तू म्हणायचीस, "फासा फक्त उत्तर देतो. विचारायचं आपल्यालाच असतं."

यावर आपलं कधी मिटलं नाही. मला अजूनही वाटतं, ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही त्यालाही खेळता आलं पाहिजे. त्यात मी चूक नव्हते. पण तूही चूक नव्हतीस.

त्या दरबानाचं पुढे काय झालं ते मी विसरू शकत नाही. माझा फासा अठरा पडला. तू दरबानाच्या घोगऱ्या आवाजात बोललीस, "जा आत. एवढंच होतं तर आधीच का नाही विचारलं?" गयाबाई आणि शबाना खदाखदा हसल्या. माझ्या हातातलं हळकुंड खाली पडलं. मी तुझ्याकडे बघितलं. तू वहीत लिहीत होतीस.

तुला कळलं होतं का? स्वाती, हे मला कोणीच सांगू शकणार नाही.

आता ते सांगते.

आपल्या घरात धाकट्या सुनेने भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलायचं नाही. सासरे होते तेव्हापासूनची रीत, त्यांच्यामागेही राहिली. तू चौदा वर्षं या घरात होतीस. माझ्या मालकांशी, म्हणजे तुझ्या भासऱ्यांशी, तू एक शब्द बोलली नाहीस आणि ते तुझ्याशी बोलले नाहीत. काही असलं की मध्ये मी. ते म्हणायचे, आज वरण म्हणजे पाणी झालं. मी तुझ्याकडे येऊन सांगायचे, वरण चांगलं झालं, जरा घट्ट चालेल म्हणले. तू म्हणायचीस, मोठ्यांना सांगा चपला बाहेर काढा, मी आत्ताच फरशी पुसली. मी गुपचूप जाऊन चपला उचलायचे. दोन्हीकडचं बोलणं माझ्या हातातून जायचं आणि मी ते वाटेत मऊ करायचे. मला वाटायचं मी घर सांभाळते आहे.

कळमनुरीच्या त्या खाजगी शाळेने तुला बोलावलं होतं. गणित शिकवायला. तू आधी सुरेशभाऊजींना सांगितलंस. तुझा नवरा म्हणाला, दादा म्हणतील तसं, वहिनीला विचारायला सांग. मग तू माझ्याकडे आलीस. मी पीठ मळत होते. तू परात माझ्या हातातून काढून घेतलीस. "मी मळते. तुम्ही विचारून या ना, अक्का. उद्या कळवायचं आहे."

मी चहा घेऊन गेले. मालक अंगणात फवारणीचा पंप खोलून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "काय?"

मी म्हटलं, "चहा."

एवढंच बोलले मी. कप ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी चहा घेतला, पंपाची नळी तोंडाने फुंकून बघितली. मी मनातल्या मनात विचारलं आणि मनातल्या मनातच त्यांनी नाही म्हटलं. त्यांची मान वर झाली नाही याचा अर्थ नाहीच, असं मीच ठरवलं. रिकामा कप घेऊन आत आले.

तू हात न धुताच उभी होतीस. मी म्हटलं, "न्हाई म्हणले."

"काय म्हणाले नेमकं?"

"घरी माणूस लागतं म्हणले."

ते असं काही म्हणाले नव्हते. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. खेळात ज्या तोंडातून माझं स्वतःचं एक वाक्य निघायचं नाही, त्या तोंडातून त्या दिवशी दुसऱ्या माणसाचं वाक्य तयार होऊन बाहेर आलं. तू "बरं" म्हणालीस. परत परात ओढलीस आणि मळलेलं पीठ पुन्हा मळत राहिलीस. त्या दिवशीच्या भाकरी फार मऊ झाल्या होत्या, मालक जेवताना तसं म्हणालेही. तो निरोप मात्र मी तुला दिला नाही.

का केलं असं, ते मी स्वतःला खूपदा विचारलं. भीती हे खरं. पण नुसती भीती नव्हती. तू रोज सकाळच्या जीपने कळमनुरीला गेली असतीस आणि दुपारचं घर पुन्हा पहिल्यासारखं झालं असतं, तू यायच्या आधी होतं तसं, भिंतींचं. हे मी त्या वेळी मनात स्पष्ट आणलं नाही. पण ते होतं. उभी राहिले तेव्हा पायात होतं.

आणि पुढे चार महिन्यांनी हळद आली आणि तू खेळ काढलास. जे चाळीस पोरांना द्यायचं होतं ते तू आम्हा तीन बायकांना दिलंस. तू नोकरीवर गेली असतीस तर तो वाटाड्या मला कधी भेटला नसता. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी मला माझ्या खोटेपणामुळे मिळाल्या. मी तुझे उपकार कसे मानू, सांग. मानायला जाते तर तोंडात तेच वाक्य येतं, घरी माणूस लागतं.

नांदेडच्या दवाखान्यात तुला भरती केलं त्याच्या सातव्या दिवशी तू डोळे उघडून माझ्याकडे बघत होतीस. भाऊजी खाली औषधं आणायला गेले होते. खोलीत आपण दोघीच. बोलायचं होतं ते ओठांवर होतं. मी म्हटलं, "पाणी देऊ का?" तू मान हलवलीस. पाणी पाजलं. ओठ पुसले. नंतर दोन दिवसांत सगळं संपलं.

काल त्या दोघी जायला उठल्या तेव्हा शबाना म्हणाली, "अक्का, तुमीच चालवा ना खेळ. वही तर हाय."

"मला बोलता येत न्हाई, तुला म्हाईत न्हाई का?"

"चालवणारीनं बोलायचं न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "विचारायचं. ती काय करायची? काय करता, काय करता, एवढंच तर विचारायची."

त्या गेल्यावर मी वही उघडली. पूल, नद्या, बाजार सगळं होतं. शेवटच्या पानांवर आम्हा तिघींची नावं होती. मला वाटलं आमच्या चोराचं, हकिमाचं काही असेल. ते नव्हतं. आमच्याबद्दल होतं, खेळवताना काय ध्यानात ठेवायचं ते. गयाबाईंपुढे लिहिलं होतं, फासा कमी पडला तर आधी हसू द्यावं, मग पुढचं सांगावं. त्यांचा मुलगा वारला त्या महिन्यात खेळात कोणाचं मरण नको. शबानापुढे, हिला शाबासकी उघड द्यावी, घरी कोणी देत नाही.

माझ्या नावापुढे होतं, अक्काला प्रश्न विचारला की मनात वीसपर्यंत मोजावं. तोवर दुसऱ्या कोणाला बोलू देऊ नये. घाई केली तर गप्प होतात. थांबलं तर बोलतात.

अक्षर पेनाचं होतं, वेगवेगळ्या शाईचं. वीस हा आकडा खोडून केलेला होता. आधी दहा होतं.

मी ते पान धरून बसले. आठ वर्षं तू माझ्यासाठी मनात आकडे मोजत होतीस. मी मात्र त्या माणसापुढे एक कप रिकामा होईपर्यंत उभी राहिले आणि उत्तर घेऊन आले.

आज सकाळी ते गोठ्यात धार काढायला बसले होते. मी जाऊन उभी राहिले. हातात चहा नव्हता, मुद्दाम नेला नाही.

"काय?" ते म्हणाले.

मी थांबले. ते धार काढत राहिले. किती वेळ गेला माहीत नाही, चरवी अर्धी भरली असेल. मग मी म्हटलं, "स्वातीला आठ वर्षामागं कळमनुरीच्या शाळेत नोकरी लागून राहिली व्हती. तिनं मला तुमाला विचारायला धाडलं व्हतं. मी विचारलं न्हाई. तिला जाऊन सांगितलं, तुमी न्हाई म्हणले."

धारेचा आवाज थांबला. त्यांनी मान वर केली.

"मी म्हणलो, न्हाई?"

"घरी माणूस लागतं म्हणले, असं सांगितलं."

"तिनं तसं मानलं?"

"व्हय."

"आठ वर्षं?"

मी मान हलवली. ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चरवी बाजूला ठेवली आणि दावणीचा दगड धरून बसले. मी विचारलं, "विचारलं असतं तर काय म्हणले असते तुमी?"

दगडावरचा हात न काढता म्हणाले, "खोटं काहून बोलू? व्हय म्हणलो असतो असं आज म्हणावं वाटतं. त्या वक्ताला काय म्हणलो असतो, मला म्हाईत न्हाई."

म्हणजे ते उत्तर आता कोणाकडेच नाही, स्वाती. मी तुला खोटं दिलं आणि खरं कधी झालंच नाही. एवढंच मला तुझ्यापुढे मांडायचं होतं. तू मला माफ कर असं म्हणणार नाही. तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मी आता मनातल्या मनात ठरवायचं नाही.

मी वळले तर ते म्हणाले, "थांब."

मी थांबले.

"दुपारी त्या खोलीत तुमी हसायच्या. मी वसरीत पडलेला असायचो, ऐकू यायचं. तुझं हसणं मी वळखायचो, त्या म्हातारीचं वळखायचो. तिचं कोणतं ते मला कधी कळलं न्हाई." मग म्हणाले, "कशी व्हती गं ती?"

चौदा वर्षं एका घरात, आणि माणूस मला विचारत होता, कशी होती. ते थांबले. जे पहिलं आलं ते सांगितलं. म्हटलं, "तिला भाकरीचे काठ खाऊ वाटायचे न्हाईत. मधलंच खायची."

"ते म्हाईत हाय," ते म्हणाले. "रोज म्हशीच्या घमेल्यात काठ असायचे. गोल गोल. मीच घालायचो म्हशीला." त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरं सांग."

मी गोठ्यातल्या रिकाम्या डब्यावर बसले आणि सांगायला लागले.